सेफ्टीसाहेबांनी संगणक सुरक्षित केला

"आजपासून या घरातल्या संगणकात मुंगीसुद्धा शिरणार नाही!" चहाचा कप खाली ठेवत सेफ्टीसाहेबांनी जाहीर केलं.

काकूंनी मान वर केली नाही. त्या संगणकासमोर बसून चित्र रंगवत होत्या. मुंगी शिरली असती तरी त्यांची काही हरकत नव्हती. संध्याकाळी पाचपर्यंत आपल्याला कुणी उठवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सेफ्टीसाहेब हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. अख्खी नोकरी त्यांनी रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली आणि कामगारांनी दिलेलं हे नाव निवृत्तीच्या हारासकट घरी आणलं. कारखाना सुटला, पण खोड सुटली नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्या आल्या. गॅसपासून गिझरपर्यंत जिथे जागा दिसेल तिथे सूचनांचे कागद चिकटले. शिवाय घरात अधूनमधून सराव होई. आगीचा झाला, गॅसगळतीचा झाला, आणि हल्ली फसवणुकीच्या फोनचा चालू होता. म्हणजे साहेब घोगरा आवाज काढून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीला फोन करत, "मॅडम, बँकेतून बोलतोय, तुमच्या मोबाईलवर आलेला आकडा सांगा," म्हणत, आणि ती फसली की तिला झाडून काढत. गेल्या खेपेला ती बिचारी चांगलीच फसली होती. "पुढच्या वेळी बघच तू!" असं तिनं आईला दात-ओठ खाऊन सांगितलं होतं.

तर अशा या साहेबांच्या वाचनात 'घरच्या संगणकासाठी उपयुक्त सॉफ्टवेअर आणि सुरक्षेच्या सोयी' असा एक लेख आला. मग काय विचारता!

"अहो, पाचनंतर करा ना," काकू म्हणाल्या. "पाचच्या आत चित्रं संपादकबाईंना गेली नाहीत, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला देणार आहेत. एकदा मुदत वाढवून घेतलीय मी. आता तोंड नाही उरलं मागायला."

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. आजवर त्यांनी गणिताच्या पुस्तकांत सफरचंदं काढली होती. पाच सफरचंदं, त्यातली दोन खाल्ली, उरली किती, छापाची. अख्खं गोष्टीचं पुस्तक त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव येणार होतं.

"चोर पाचपर्यंत थांबणार आहे का?" साहेब म्हणाले. "तू अंघोळ कर, दोन घास खा. तेवढ्यात मी सगळं उरकतो. तुझ्याच चित्रांच्या भल्यासाठी चाललंय हे!"

काकूंची पाठ सकाळपासून ठणकत होती. त्यांनी चित्र सेव्ह केलं. "शेवटच्या पानावरचं आभाळ तेवढं राहिलंय. कशाला हात लावू नका," असं बजावून त्या उठल्या. सेफ्टीसाहेबांना 'हात लावू नका' सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता सांगण्यासारखं होतं.

साहेबांनी बाह्या सरसावल्या. आधी संगणकाचं राहिलेलं अपडेट केलं. मग फायरवॉल चालू केली. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर कानाकोपऱ्यात पाठवलं. चित्रांच्या फोल्डरवर असा पहारा बसवला, की अनोळखी प्रोग्रामला तिथल्या फायलीला बोटही लावता येऊ नये. एक मिनिट हालचाल झाली नाही की स्क्रीन आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था केली. पेनड्राइव्हची तोंडं बंद केली. पासवर्ड सांभाळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं, त्यानं स्वतःच एक लांबलचक पासवर्ड बनवला आणि स्वतःच जपून ठेवला. प्रत्येक काम झालं की साहेब संगणकाच्या कडेला 'तपासले' असं हिरवं लेबल लावत. शेवटी संगणक फळवाल्याच्या गाडीवरच्या, लेबलं चिकटवलेल्या सफरचंदांच्या टोपलीसारखा दिसायला लागला.

आणि मग त्यांना ती सोय दिसली. कुटुंब सुरक्षा! घरातल्या प्रत्येक माणसाचं खातं उघडायचं आणि त्याला हवं तेवढं संरक्षण द्यायचं. साहेब हरखून गेले. कारखान्यात त्यांना असं काही मिळालं असतं, तर त्यांनी मॅनेजरलासुद्धा खातं उघडून दिलं असतं.

काकू जेवून आल्या. "झालं?"

"झालं! बस आता निर्धास्त."

काकू बसल्या. आभाळाला निळा रंग दिला, जरा लांबून न्याहाळला, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. पिन घालून उघडली. पुन्हा न्याहाळायला लागल्या, पुन्हा काळी.

"अहो, हे काय? मला विचारसुद्धा करू देत नाही हा!"

"विचार करताना उंदीर हलवत राहा," साहेबांनी तोडगा काढला. काकूंनी एका हातानं माउस हलवत दुसऱ्या हाताची पेन्सिल गालावर टेकवून विचार केला आणि चित्र सेव्ह करायला गेल्या. संगणकानं नकार दिला.

"'हा प्रोग्राम विश्वासार्ह नाही,' म्हणतोय! माझं चित्रांचं सॉफ्टवेअर विश्वासार्ह नाही? लेक शाळेत होती तेव्हापासून वापरतेय मी ते!"

"जुने कामगारच हातमोजे काढून काम करतात," साहेब शांतपणे म्हणाले. "थांब, मी त्याला परवानगी देतो."

पण परवानगी द्यायची वेळच आली नाही. स्क्रीनवर एक हसरं अस्वल उगवलं. त्याच्या हातात फुगा होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आजचा तुझा वेळ संपला! आता थोडं बाहेर जाऊन खेळ!'



"हे कुणाला म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"तुला."

"माझं वय काय टाकलंत तुम्ही?"

साहेबांनी घसा खाकरला. "आठ."

"आठ?"

"अगं, आठ वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त संरक्षण मिळतं! मी सगळे वयोगट तपासून पाहिले. छप्पन्न टाकलं असतं तर तुला वाऱ्यावर सोडलं असतं त्यानं!"

"मला दोन गुडघे आहेत आणि दोन्ही दुखतात! आठ वर्षांची म्हणे! काढा ते अस्वल. चार वाजून गेलेत."

"त्यात काय आहे? पालकाची परवानगी लागते, आणि पालक मी आहे," साहेब छाती काढून म्हणाले आणि पालकाच्या खात्यात शिरायला गेले. खात्यानं पासवर्ड मागितला.

"घाला की."

"तो त्या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं बनवलाय. मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"आपण पासवर्ड लक्षात ठेवायचाच नाही, हाच तर त्या सॉफ्टवेअरचा फायदा आहे! ते ठेवतं लक्षात."

"आणि ते सॉफ्टवेअर कुठे आहे?"

साहेबांनी बोटानं अस्वलाकडे दाखवलं. ते अस्वलाच्या मागे होतं.

काकूंनी डोळे मिटले. काकू डोळे मिटतात तेव्हा काय समजायचं, हे साहेबांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण ते डगमगले नाहीत. "प्रत्येक कारखान्याला आपत्कालीन दरवाजा असतो. पासवर्ड विसरला तर एक आकडा येतो, तो घातला की आत! आणि तो आकडा मी आपल्या फोनवर ठेवलेलाच नाही. समज, आपले दोन्ही फोन एकदम जळाले तर? म्हणून लेकीचा नंबर दिलाय!"

त्यांनी आकडा मागवला आणि ऐटीत लेकीला फोन लावला. काकूंना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"बाळा, तुझ्या मोबाईलवर आत्ता एक आकडा आला असेल. तो सांग पटकन."

पलीकडे लेक खुदकन हसली. "बाबा! या वेळी आवाजसुद्धा बदलला नाहीत?"

"अगं, हा सराव नाही!"

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात. आणि मी फसले होते."

"अगं, खरंच नाही! आईची चित्रं अडकलीत!"

"वा! या वेळी गोष्टपण छान रचलीय. मी नाही फसणार!"

काकूंनी फोन ओढून घेतला. "अगं, मी बोलतेय. दे तो आकडा, पाच वाजायला आले!"

"आई, तूही यांना सामील झालीस?" लेकीला खरंच वाईट वाटलं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

साहेबांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी घाम आणि अभिमान दिसत होता. "बघितलंस, काय तयार झालीय पोर!" ते हळूच म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं कौतुक त्यांनी गिळून टाकलं.

"बरं, एक काम करू," लेक म्हणाली. "तुमचाच नियम आहे ना बाबा? शंका आली तर असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त घरच्याच माणसाला माहीत असेल. ज्याला आकडा हवा, त्यानंच उत्तर द्यायचं, आणि एकदाच. दुसऱ्या कुणी मदत केली तर उत्तर बाद."

"विचार, विचार!" साहेब खूश झाले. घरच्या माणसाला माहीत असणारा प्रश्न म्हणजे गॅसचा नंबर, फ्यूजची जागा, फार तर पाण्याच्या टाकीचं माप.

"आई एवढे महिने जे पुस्तक करतेय, ते कशाबद्दल आहे?"



रोज सकाळी काकू याच टेबलाशी बसत. रोज साहेब इथूनच दहा वेळा ये-जा करत. वायर लोंबतेय का, खिडकीची कडी लागलीय का, सगळं त्यांना दिसलं होतं. पुस्तकात काय आहे हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ससा म्हणावं? हत्ती? त्यांनी केविलवाण्या नजरेनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि हाताची घडी घातली. मदत केली तर उत्तर बाद झालं असतं. पण खरं सांगायचं, तर मदत करायची त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

"बाबा? ठेवू फोन?"

"थांब! तपासणी चालू आहे!"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. टेबलाच्या वर काकूंची पेन्सिलनं काढलेली कच्ची चित्रं टाचलेली होती, आणि त्यांच्यावर साहेबांनी स्वतःच्या हातानं 'वायरींपासून सावधान' हा मोठा कागद चिकटवला होता. तो त्यांनी पहिल्यांदाच उचकटला.

खाली एक कासव होतं. कासवाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, नाकाखाली भरघोस मिशा होत्या आणि पाठीवरच्या कवचाला जागा मिळेल तिथे कुलपं लटकत होती. त्या मिशा रोज आरशात भेटणाऱ्या होत्या. खाली काकूंच्या अक्षरात दोन ओळी होत्या. साहेब त्या फोनवर वाचायला लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला.

"कासवरावांना चोरांची फार भीती. त्यांनी सगळ्या घराला कुलपं लावली, आणि मग... मग आत कोण राहतं, हेच ते विसरून गेले."

साहेबांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत लाज वाटली. काकूंनी हाताची घडी सोडली.

"बरोबर," लेक हळू आवाजात म्हणाली. "लिहून घ्या आकडा."

अस्वल गेलं. काकू एका फटक्यात आठ वर्षांच्या परत छप्पन्नच्या झाल्या. चित्रांच्या सॉफ्टवेअरला परवानगी मिळाली, स्क्रीन काळी व्हायची थांबली आणि आभाळ सेव्ह झालं. ईमेल चढत असताना साहेब खुर्चीच्या मागे उभे राहून प्रत्येक पान बघत होते. एकदा त्यांनी "हे झाड छान आलंय," असंही म्हटलं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्या हसल्या. पाच वाजायच्या आत चित्रं पोहोचली.

थोड्याच वेळात संपादकबाईंचा फोन आला. "मिळालं बरं का सगळं! लगेच छपाईला पाठवतेय. आणि काय ते कासव! इतकं जिवंत! कुणाला समोर बसवून काढलंत हो?"

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घसा साफ केला, फोनसाठी हात पुढे केला आणि जबाबदार आवाजात म्हणाले, "नमस्कार. छपाई जरा थांबवा. त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नाही."