जानव्याची किल्ली

गाडीचा हॉर्न बंद पडला, नेमका त्याच दिवशी मनमोहनराव आपल्या जयवंतसाठी लीलाला मागणी घालायला यायचे होते. लीलाला जयवंत हवा होता. तिच्या वडिलांना, कमलाकांतांना, तो नको होता; संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तो तुरुंगात जाऊन आला होता. "येऊ देत. तोंडावर नाही म्हणून सांगतो," असं बायकोला बजावून ते गिरगावातल्या आपल्या बोळात उतरले आणि सदरा काढून त्यांनी बॉनेट उघडलं.

विजेच्या कामाआधी अंगावरचा धातू उतरवायचा, हे त्यांना ठाऊक होतं. अंगठी नि घड्याळ त्यांनी लीलाकडे दिलं. बॅटरीची तार सोडायची, हेही ठाऊक होतं. पण तिचा नट गंजला होता.

"बाबा, तार?"

"मी हॉर्नला हात लावतोय, बॅटरीला नाही."

ते वाकले. जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली झुलली आणि बॅटरीच्या टोकाला नि गाडीच्या पत्र्याला एकदमच टेकली. फाडकन निळी ठिणगी उडाली. किल्लीचे दात वितळले, जानवं जळून तुटलं. कमलाकांतांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जानवं तुटलं तर नवं घालेपर्यंत बोलायचं नाही, हा नेम ते मुंजीपासून पाळत आले होते.

वर येऊन त्यांनी खुणेने नवं मागितलं.

"कपाटात आहेत की," सुमतीबाई म्हणाल्या. "किल्ली द्या."

कमलाकांतांनी दात वितळलेली किल्ली समोर ठेवली आणि ते सदरा घालून बसले. शेजारून एखादं जानवं मागून आणावं, हे सुमतीबाईंना सुचलं नाही. त्यांना न सुचणाऱ्या गोष्टी तशा फार थोड्या होत्या.

मनमोहनराव आले, मुलाबद्दल बोलले, तुरुंगाबद्दलही बोलले. यजमान गप्पच. जानव्याची हकिकत सांगून सुमतीबाई म्हणाल्या, "तुम्हीच विचारा, यांची काही हरकत आहे का."

"आहे का हरकत, कमलाकांत?"

कमलाकांतांनी जोरजोरात आडवी मान हलवली.

"नाही म्हणतायत," मनमोहनराव म्हणाले. "मग ठरलं समजू?"

आता मान वरखाली झाली. साखर वाटली गेली. लीला आत पळाली.

पाहुणे जिना उतरले तशा मायलेकी भिंतीला टेकून वादळाची वाट बघत उभ्या राहिल्या. कमलाकांत उठले, देव्हाऱ्यापाशी गेले, देवांमागून नवं जानवं काढून त्यांनी गळ्यात घातलं.

"हे इथे होतं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"श्रावणीपासून आहे."

"म्हणजे मघाशी तुम्ही..."

ते लेकीकडे वळले. "लीला, जयवंतला रविवारी बोलाव. हॉर्न राहिलाय." मग जळक्या किल्लीकडे बघत म्हणाले, "आणि आधी तार सोड म्हणावं."