सून या पदासाठी स्थानिक उमेदवार मिळत नाही

आमच्या देशात परदेशी माणसाशी लग्न करायला कायद्याची अजिबात हरकत नाही. लग्न झाल्यावर त्या माणसाने दिवसभर काय करायचं, याची सोय मात्र कायद्यात नाही. राहण्याचा परवाना मिळतो, कारण लग्न खरं आहे. कामाचा परवाना मिळत नाही, कारण काम स्थानिकांचं आहे. परदेशी जोडीदाराने खरं लग्न करावं आणि स्वस्थ बसावं, एवढीच सरकारची माफक अपेक्षा आहे.

आमच्या शेजारच्या बुरमाकान आपाच्या मुलाने, एलदियारने, हंगेरीची मुलगी केली. तिचं नाव शारोल्ता. ती गुरांची डॉक्टर. मेंढ्यांच्या कसल्याशा रोगाचा अभ्यास करायला डोंगरात आली होती. तिथे तिची गाडी बंद पडली आणि ती दुरुस्त करायला एलदियार गेला. गाडी दुरुस्त झाली नाही. लग्न झालं.

गावात गुरांचा दवाखाना आहे. त्याला कित्येक वर्षं कुलूप आहे, कारण डॉक्टर नाही. शारोल्ताने अर्ज केला तेव्हा कळलं, की ती जागा स्थानिक नागरिकांसाठी राखीव आहे. गुरांची डॉक्टरी शिकलेले आमचे स्थानिक नागरिक मॉस्कोत टॅक्सी चालवतात. तरी जागा राखीव. आमच्या घरांत दारापासून सगळ्यात लांबची जागा, तोर, मानाच्या पाहुण्यासाठी राखून ठेवतात. पाहुणा न आला तरी तिथे कुणी बसत नाही. सरकार आमच्या घरांत पाहूनच हे शिकलं असावं. शारोल्ता घरी बसली, म्हणजे घरात सुनेने जे करायचं ते करू लागली, आणि गावातल्या मेंढ्या नियमाप्रमाणे मरत राहिल्या.

मग कचेरीतून निरीक्षक सुयुनबाय आला. राहण्याचा परवाना वाढवायच्या आधी लग्न खरं आहे का, हे घरी येऊन बघायचं असतं. गल्लीतला सगळ्यात म्हातारा म्हणून साक्षीला मला बोलावलं. दाढी पांढरी झाली की माणसाला अक्कल आली, असं आमच्याकडे धरून चालतात.

सुयुनबायला तोरवर बसवलं. समोर बोर्सोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग होता, आत मटण उकळत होतं, आणि सुयुनबाय नाकाने त्याची पडताळणी करत होता. शारोल्ताने चहा आणला आणि त्याचा पियाला काठोकाठ भरला.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्ध्या पियाल्याहून कमी ओततात. संपला की पुन्हा थोडा, मग पुन्हा थोडा. म्हणजे बसा, घाई काय आहे. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे, हा प्या आणि निघा. शारोल्ताच्या मुलखात अर्धा पेला देणाऱ्याला चिक्कू म्हणत असावेत. तिने बिचारीने प्रेमाने भरला होता. सुयुनबायने त्या पियाल्याकडे बदलीच्या हुकमाकडे बघावं तसं बघितलं, आणि हात न लावता वही उघडली.

"आपा," तो गोड आवाजात म्हणाला, "सून घरात रमली ना? की नुसती कागदावरच आहे?"

आपाला वाटलं, सुनेची बाजू सावरायची हीच वेळ.

"कागदावर? अहो साहेब, कोंबडा आरवायच्या आधी उठते! अंगण झाडते, ओढ्याचं पाणी आणते, घोडीचं दूध काढते, कणीक मळते. ही आल्यापासून मी बादलीला हात लावलेला नाही. सोन्यासारखी सून आहे!"

"रोज करते?"

"रोज! तापात सुद्धा!"

"वा!" असं म्हणत सुयुनबायने सगळं लिहून घेतलं आणि मटणासाठी न थांबता निघून गेला. त्या घरावर काहीतरी भयंकर कोसळणार, हे मला तेव्हाच कळलं.

नोटीस आली. परवान्याविना नियमित श्रम केल्याचा आरोप होता. आपा, एलदियार आणि मी कचेरीत गेलो.

"ती घरातच काम करते, साहेब," एलदियार म्हणाला.

"काम ते काम. वर छप्पर कुणाचं आहे हे कायदा बघत नाही."

"अहो, गावातल्या सगळ्याच सुना करतात की!" आपा म्हणाली.

"त्या नागरिक आहेत, आपा. फुकट राबणं हा नागरिकाचा हक्क आहे. परदेशी माणसाला आपण तो कसा देणार?"

"मग तिने काय करावं?"

"काही करू नये. पुन्हा करताना आढळली तर देश सोडावा लागेल."

देश सोडून दोघांनी हंगेरीला जावं म्हटलं, तर तिथल्या कचेरीने एलदियारला आधीच नकार दिलेला होता. त्यांना हे लग्नच खरं वाटलं नव्हतं. जगातल्या सगळ्या कचेऱ्या एकाच आईच्या लेकी आहेत.

दुसऱ्या दिवसापासून शारोल्ता तोरवर बसली. आपा झाडू लागली, पाणी वाहू लागली आणि गुडघे धरून घोडीखाली बसू लागली. गल्लीतल्या बायका काहीबाही मागायच्या निमित्ताने डोकावून जाऊ लागल्या. "बुरमाकानची सून मानाच्या जागेवर बसते गं! आणि सासू शेण काढते!" ही बातमी लग्नाच्या मांडवात कुणाचं घोडं उधळावं तशी गावभर झाली. दोन घरांतल्या सुनांनी आपल्या सासूला विचारलं म्हणे, की परदेशी व्हायला काय करावं लागतं?

सुयुनबाय पुन्हा आला. बघतो तर सून तोरवर, आणि सासू तिला चहा देते आहे. तोही रीतीप्रमाणे अर्धा पियाला.

"पन्नाशी उलटली माझी," तो दुःखाने म्हणाला, "पण सासू सुनेला चहा देते, असं खरं लग्न मी आजवर पाहिलेलं नाही. हे लग्न बनावट आहे. बाईंना जावं लागेल."

"काम केलं तरी जायचं, नाही केलं तरी जायचं?" एलदियार ओरडला.

"आवाज चढवू नका. दोन वेगळी कलमं आहेत."

तो गेल्यावर शारोल्ता उठली आणि कपाटावरची बॅग काढून त्यात कपडे भरू लागली. एलदियार भिंतीकडे तोंड करून उभा. "आई, मी निघू का?" तिने विचारलं.

"कुठे निघतेस?" आपा खेकसली. "घोडीचं दूध कोण काढणार? तुझा बाप?" आणि बॅग ओढून तिने स्वतःच्या मांडीखाली घेतली. त्या घरात माया याच भाषेत बोलते.

मी सुयुनबायला बाजारात गाठलं. म्हटलं, "बाबा रे, काही वाट आहे का?"

"आहे ना! कायदा काही निर्दयी नाही. सून हे काम आहे, तर त्या कामाचा परवाना काढा. सासू मालक. मालकाने जाहिरात द्यायची. आधी स्थानिक उमेदवार तपासायचे. एकही मिळाला नाही, तरच परदेशी."

जाहिरात मला लिहायला लावली. मी आणि आपा अंगणात बसलो.

"कामाची वेळ?" मी विचारलं.

"आम्ही उठायच्या आधीपासून आम्ही झोपेपर्यंत."

"वेतन?"

"आशीर्वाद."

"रजा?"

आपाने बराच विचार केला. "माहेरी कुणी वारलं तर. पण कणीक मळून जावं."

मी लिहिलं. लिहिताना मला काहीच वावगं वाटलं नाही. चांगली नेमकी जाहिरात झाली होती. शेवटी आपा म्हणाली, "आणि खाली घाला, 'मालकीण सांगेल ते इतर काम'. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हे कागदात नाही." मी घातलं.

मुलाखती कचेरीतच झाल्या. सुयुनबाय मधोमध, एका बाजूला आपा, दुसऱ्या बाजूला मी. पहिली पोरगी आली ती पगार असेल या आशेने.

"मालकिणीचं नाव?" सुयुनबायने विचारलं.

"बुरमाकान."

"अगं अगं! सासूचं नाव घेते!" आपाने कानांवर हात ठेवले. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढत नाही. पोरगी अपात्र ठरली.

बाहेर बसलेल्या दुसरीने हे ऐकलं होतं. तिला तोच प्रश्न विचारला तेव्हा ती मान खाली घालून गप्प उभी राहिली. आपा खूश झाली. सुयुनबायने लिहिलं, मालकाचं नाव माहीत नाही. दुसरीही अपात्र.

तिसरी आली तेव्हा सुयुनबायचा हात वहीवर थांबला. कचेरीच्या यादीतल्या प्रत्येक बेकार बाईला बोलावणं सक्तीचं होतं, आणि त्या यादीत त्याची स्वतःची मुलगी होती. चोलपोन. गेल्या हिवाळ्यात सासर सोडून आलेली.

मुलाखतीच्या तक्त्यातला प्रश्न विचारणं भाग होतं. "पूर्वानुभव?"

"आहे. लग्न झाल्यापासून याच पदावर होते."

"का... का सोडलं?"

"तुम्हाला माहीत आहे, बाबा. पहिल्यांदा सोडून आले तेव्हा तुम्हीच गाडीत घालून परत नेऊन सोडलंत. म्हणालात, घरकाम म्हणजे काय काम असतं का? आता इथे लिहिलंय, हे काम आहे आणि त्याला परवाना लागतो. एकदा ठरवा बुवा काय ते."

सुयुनबाय माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीकडे बघू लागलो.

"हे पद स्वीकारता का?" त्याने हळूच विचारलं.

"फुकट? नाही. पगार देऊन? तरी नाही." चोलपोनने आपाला आदराने मान झुकवली. "तुमच्यावर राग नाही, आपा. जाहिरात फार खरी लिहिलीय." आणि ती गेली.

सुयुनबायने लिहिलं, 'सदर काम करण्यास कोणीही स्थानिक नागरिक तयार नाही.' मग शिक्का इतक्या जोरात मारला, की टेबलावरची दौत उडाली.

शारोल्ताला परवाना मिळाला. पद: सून. कामं: जाहिरातीत लिहिलेली, शब्द न शब्द. मालकीण बदलता येणार नाही. दुसरं कोणतंही काम, विशेषतः गुरांची डॉक्टरी, केल्यास रद्द. आपाने तो चौकटीत घालून तोरच्या वर टांगला. आमच्या गावात पदवी टांगलेली एकच बाई आहे, आणि तिच्या खऱ्या पदव्या त्याच बॅगेत आहेत.

वसंतात सुयुनबायची घोडी अडली. शिंगरू आडवं आलं होतं. तो टोपी हातात घेऊन धावत आला. शारोल्ता बाह्या सारत निघाली. परत आली तेव्हा कोपरापर्यंत रक्ताने माखलेली होती. घोडी वाचली, शिंगरूही वाचलं.

सुयुनबाय प्रामाणिक अधिकारी. दुसऱ्याच दिवशी त्याने नोटीस आणून दिली, परवान्याबाहेर पशुवैद्यकी केल्याबद्दल. तीसुद्धा दोन्ही हातांनी, आदराने.

आपाने भिंतीवरची चौकट खाली काढली. "कसली वैद्यकी? माझी सून गेली होती, मी पाठवली म्हणून. वाचा खाली. 'मालकीण सांगेल ते इतर काम'. शिक्का कुणाचा आहे?"

सुयुनबायने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हणजे हे सुनेचं काम झालं. मग फी द्यायचा प्रश्नच येत नाही!"

"सुनेला कसली फी?" आपा म्हणाली.

तेव्हापासून आमच्या गावात मेंढ्या मरत नाहीत. दवाखान्याला अजून कुलूप आहे, जागा अजून राखीव आहे, आणि कायद्याला कुठेही ओरखडा गेलेला नाही. ज्याचं जनावर आजारी पडतं तो आपाकडे येतो, आपा सुनेला सांगते, आणि सून घोडीचं दूध काढून, कणीक मळून मग जाते. या कायद्याला एके काळी बाजारात शिव्या देणारे आता म्हणतात, कायदा वाईट नाही, समजून घ्यायला हवा. माझीही शेळी तिनेच बरी केली.

फक्त एक झालं. आता शारोल्ताला आमची रीत चांगली कळते. आमची भाषाही ती बोलते. तरी जनावर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती चहा देते तो काठोकाठ भरून, डोळ्याला डोळा भिडवून. त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पण अजून एकही माणूस उठून गेलेला नाही. आम्ही फुंकर मारून पितो आणि म्हणतो, परदेशी आहे बिचारी, तिला काय कळतंय.

हे वाचताना तुमच्या हाताशी चहाचा कप असेल. तो तुम्ही स्वतः उठून केलेला नसेल, तर किती भरलाय, एकदा बघून घ्या.