आक्कांना फोन लावण्यापूर्वी

कर्ज वाटणाऱ्या, विमा उतरवणाऱ्या आणि डोंगरावरचे प्लॉट विकणाऱ्या तमाम कंपन्यांना जाहीर इशारा देण्यात येतो, की तळेगाव ढमढेऱ्यातल्या आमच्या शेजारच्या आक्कांना फोन लावण्यापूर्वी आपल्या माणसानं पोटभर जेवून घ्यावं. नंतर सवड मिळेल याची हमी मी देऊ शकत नाही.

असले फोन आले की तुम्ही-आम्ही खेकसतो, नाहीतर कट करतो. आक्का पाय पसरून, भिंतीला टेकून बसतात.

"कुठल्या गावची गं तू?" हा पहिला प्रश्न. पलीकडची मुलगी कर्जाचं बोलू पाहते. "कर्ज कुठं पळून चाललंय? गाव सांग आधी." गाव कळलं की तिथली सोयरीक निघते, निघाली नाही तर काढली जाते. मग पोरीची आई, आईचे गुडघे, गुडघ्यांना निर्गुडीचा पाला. अर्ध्या तासानं आक्का म्हणतात, "आता तुझं ते काय व्हतं, पयल्यापासनं सांग." एका पोरानं काकुळतीला येऊन विचारलेलं मी स्वतः ऐकलंय, "मावशी, ठेवू का आता?"

"ठिवशील रं. घाई काय हाय?"

आजवर त्यांनी छदामाचंही काही घेतलेलं नाही. एकदा क्रेडिट कार्डवाला मोटरसायकल काढून शिरूरहून थेट दारात आला. आक्कांनी त्याच्याकडून घरामागच्या मळ्यातल्या शेवंतीच्या दोन ओळी तोडून घेतल्या आणि जाताना त्याच्या बॅगेत फ्लॉवरचे दोन गड्डे कोंबले. फॉर्म कोरेच परत गेले.

परवा मात्र प्रकरण गंभीर झालं. त्यांचा मुलगा दत्तू एमआयडीसीत कामाला. तो तणतणत माझ्याकडे आला. "काका, जवा लावावा तवा आईचा फोन बिझी! उद्या चक्कर येऊन पडली तरी मला कळायचं न्हाई. हे कंपन्यांचे कॉल बंदच करून टाका."

मोबाईलचा डॉक्टर म्हणून गल्लीत माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. मी दत्तूला घेऊन ऐटीत आक्कांच्या ओसरीवर गेलो. आक्का शेवंती निवडत होत्या. एक मेसेज पाठवला की सगळे कॉल बंद, असं मी त्यांना समजावलं. "दत्तू म्हणतोय तर करा," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा फुलांकडे वळल्या. त्यांना इतक्या कमी शब्दांत बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

त्यांचा फोन घेऊन मेसेज टाइप केला, तेवढ्यात माझ्या हातातच तो वाजला. मी स्पीकर लावला.

"नमस्कार, इंदुमती मॅडम बोलताय का?"

"राँग नंबर!" मी डॉक्टरी थाटात ठणकावलं. "इथं कुणी इंदुमती राहत नाही." आणि फोन कट केला.

दत्तू खाली बघत पुटपुटला, "काका, आईचंच नाव हाय ते. आधार कार्डावरचं."

वीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. आक्का, दत्तूची आई, वहिनी, पाटलांची सून, सगळं मी ऐकलं होतं. हे नाव कधी कानावर आलं नव्हतं.

मेसेज अजून गेला नव्हता. अंगठा बटणावर तसाच राहिला. आक्कांनी फुलांची पाटी बाजूला सारली, फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला, आणि एकदम बोलून गेल्या,

"नगा बंद करू, भाऊ. आई गेल्यापासनं त्या पोरीच तेवढ्या मला नावानं हाक मारत्यात."