तीन निविदांचा पतंग

पतंग पडतोय.

तीन कोटेशन्स आल्याशिवाय आमच्या विमा कचेरीत साधी ट्यूबलाइटही बदलत नाहीत.

शालिनीताईंचा गळा अजून खणखणीत आहे.

वारा ही वेगळी सुविधा आहे. गुरुत्वाकर्षण ही आणखी वेगळी.

लॅपटॉप इतका तापला की शेजारच्यांची मांजर आमच्याकडे राहायला आली!

थांबा. सांगतो.

"कंप्युटर गेम? त्यात काय एवढं!" असं मी म्हणालो. कुठे? तर जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत. माइकवर!

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळात तिळगूळ आणि मुलांचा कार्यक्रम असतो. कार्यक्रम म्हणजे शालिनीताईंची अंताक्षरी. वर्षानुवर्षं. मुलं पडली जयपूरची, पतंग सोडून गच्चीवरून उतरत नाहीत. उतरलीच, तर दुसऱ्या गाण्याला पुन्हा गच्चीवर! यंदा माझी बायको प्रतिमा पहिल्यांदाच सांस्कृतिक चिटणीस झाली आणि तिने अंताक्षरीच रद्द केली.

"मग मुलांना बसवणार कशाने?" शालिनीताईंनी विचारलं.

प्रतिमा वहीची पानं उलटू लागली. मी उठलो. (मला कोणी उठवलं नव्हतं.)

"मी गेम बनवतो! पतंग उडवायचा, आभाळातले तिळाचे लाडू गोळा करायचे. अगदी मराठीतून!"

"आणि नाही जमलं तर, राजनराव?"

"तर अंताक्षरी तुमची. कायमची!"

घरी आल्यावर प्रतिमाने चप्पलसुद्धा काढली नाही. "माझं चिटणीसपद तुम्ही पणाला लावलंत? मला न विचारता?"

"अगं, नवशिक्यांसाठी सॉफ्टवेअर असतात. कोड लिहावा लागत नाही. फक्त निवडायचं!"

फक्त निवडायचं!

जगतपुऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुखदेवजी राहतात. भुसावळचे, रेल्वेच्या स्टोअर्स विभागात. हयात निविदा उघडण्यात गेलेली.

"एकट्याने निवडू नका, राजनजी. उद्या ऑडिटला उत्तर कोण देणार?"

"ऑडिट? घरच्या लॅपटॉपचं?"

"वहिनींचं."

पटलं! दोघांची समिती स्थापन झाली.

समितीपुढे चार सॉफ्टवेअर आली. पहिल्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की खेळ तयार. वर हिंदीतून सूचना, कोपऱ्यात हसणारं कासव.

"हे तर पोरांचं दिसतंय," मी म्हणालो.

"तांत्रिक छाननीत बाद!" सुखदेवजींनी कासवाकडे न बघता सांगितलं.

उरली तीन. आता नियम सोपा. ज्याची किंमत सगळ्यात कमी, ते घ्यायचं. किमती पाहिल्या. पहिलं फुकट. दुसरं फुकट. तिसरं... फुकट!

समिती हादरली. सुखदेवजींनी दोन चहा घेतले, एक माझा.

"अशा वेळी ऑर्डर वाटून देतात," ते शेवटी म्हणाले. "आमच्याकडे चाकं एका कारखान्यात, डबे दुसऱ्यात. गाडी धावतेच ना?"

धावते! मग पतंग एका सॉफ्टवेअरला दिला. आभाळ आणि वारा दुसऱ्याला. लाडू आणि संगीत तिसऱ्याला.

काय सांगू, तिन्हीकडे काम झकास! पतंग असा, की मांज्याचा चटका बसावा. वारा असा सुटला, की मी उठून खिडकी लावली. शिवाय जिथे जी चौकट दिसेल तिथे बरोबरची खूण करत गेलो. फुकट आहे तर सोडा कशाला? 'गुरुत्वाकर्षण हवे?' हवे! 'पडद्याबाहेर गेलेली वस्तू वरून परत आणावी?' आणावी की! हरवलेली वस्तू परत आलेली विमावाल्याला किती आवडते, तुम्हाला कल्पना नाही.

"झाला का गेम?" प्रतिमा रोज विचारी.

"पतंग तयार, वारा तयार!"

तिने बिचारीने सगळ्या घरी फोन केले. मुलांना म्हणाली, मित्रांनाही आणा.

शनिवारी आम्ही जोडणीला बसलो. पतंगाची फाइल वाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. उघडेना. वारा पतंगाकडे नेला. उघडेना. लाडूंनी तर दोघांनाही ओळख दाखवली नाही.

"कपलिंगच नाही," सुखदेवजी पुटपुटले. डोळ्यांदेखत गाडी सुटल्यासारखा चेहरा!

"नुसता पतंग दाखवू. पतंग महत्त्वाचा!" इति मी.

रविवार. हॉल तुडुंब. मुलं खाली, पालक भिंतीला, प्रतिमा नव्या साडीत. मी कळ दाबली. भल्या मोठ्या पडद्यावर पतंग आला. टाळ्या!

आणि पतंग धोंड्यासारखा खाली गेला.

मग वरून परत आला. पुन्हा खाली. पुन्हा वरून.

"वो काटाऽऽ!" पतंग कापला गेल्यासारखा अख्खा हॉल ओरडला. दर वेळी!

"बाबा, मतलब वारा किधर आहे?" आमच्या वल्लरीने पहिल्या रांगेतून खणखणीत विचारलं.

"दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बाळा."

"बंद करा ते!" प्रतिमा दातओठ खात कुजबुजली.

बंद करायचं बटण कुणाच्याच ऑर्डरमध्ये नव्हतं! प्लग उपटला, तर लॅपटॉप बॅटरीवर इमानाने चालू. मुलांचा "वो काटा" हळूहळू बारीक झाला. दोघं दाराकडे सरकली.

तेवढ्यात शालिनीताई उठल्या. माइक हातात. तिळगुळापेक्षा गोड आवाज.

"असू दे गं प्रतिमा. पतंग खाली टेकेपर्यंत आपण जरा अंताक्षरी घेऊ या का?"

प्रतिमाला त्या 'परत आणावी' चौकटीचं कुठे माहीत होतं! जीव भांड्यात पडल्यासारखी म्हणाली, "घ्या ना. पण टेकेपर्यंतच हं!"

पतंग टेकला नाही.

चौकीदार किल्ल्या वाजवत आला तेव्हा 'म' चालू होता, आणि सुखदेवजी खड्या आवाजात गात होते. समितीचा माणूस!

आता अंताक्षरी शालिनीताईंची. कायमची. चिटणीस बाई खुर्च्या मोजतात, उचलतो मी.

ठोकळ्यांचं ते बाद केलेलं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी उघडलं, तेव्हा कासवाच्या मागे नमुन्याचा एक तयार पतंग उडत होता. वाऱ्यासकट.