हैबतरावांनी भर मैदानी वस्त्रे उतरविली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्या वाटोळ्या चामड्यापायी पुढील सारे घडले त्या चेंडूसही चार हात दुरून नमन. शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी, एका दौलतीत जे अघटित जाहले ते ऐसे. त्या दौलतीचा रिवाज की ज्यास सरकारातून वस्त्रे मिळाली तो सरकारचा माणूस, आणि ज्याने परक्याची वस्त्रे घेतली तो त्या परक्याचा चाकर. दिवाणास वस्त्रे, सेनापतीस वस्त्रे, आणि चेंडू खेळणाऱ्या अकरा वीरांसही वस्त्रे, तांबडीलाल, पाठीवर आकडा घातलेली. ही अकरा वस्त्रे सांभाळण्याचे काम गिरमाजी त्र्यंबक जामदार यांजकडे होते. गृहस्थ इतके चोख की एका वस्त्राची गुंडी सैल झाली तरी त्यांस जेवण गोड लागत नसे.

त्या साली सातासमुद्रांपलीकडे सोळा दौलतींचा चेंडूचा संग्राम मांडिला आणि आमचे अकरा वीर जहाजात बसून तेथे गेले, आणि पेटाऱ्यांसह गिरमाजीपंतही गेले. वीरांचे नाईक हैबतराव निगडे, वय अठ्ठावीस, पाठीवर आकडा पाच, काम एकच की शत्रूस गोलापाशी येऊ न देणे. मग पहिलीच गाठ पडली ती हिरव्या वस्त्रांच्या फिरंग्यांशी, आणि त्यांचा नाईक दुवार्त म्हणजे त्या काळी पृथ्वीवर ज्यास तोड नव्हती असा खेळगडी. त्याने आमचे चार वीर एका दमात चकविले आणि गोल केला, आणि मग दुसरा केला, आणि पाच जाहले तेव्हां लोकांनी मोजणे सोडिले. परंतु तीन वेळां हैबतरावांनी त्याच्या पायातून चेंडू ऐसा काढिला की अंगास अंग लागले नाही, आणि तिसऱ्या वेळी दुवार्त जमिनीवर बसूनच हसू लागला. हैबतरावांनी हात देऊन त्यास उठविले.

मग पंचांनी शेवटची शिटी फुंकिली, आणि दुवार्त चालत आला, आणि हैबतरावांच्या तांबड्या वस्त्रास बोट लावून काही बोलिला, आणि आपले हिरवे वस्त्र अंगातून काढून पुढे धरिले. आणि हैबतराव हसले. आणि लाखभर लोकांदेखत, उन्हात, त्यांनी सरकारची वस्त्रे डोक्यावरून ओढून काढिली आणि फिरंग्याच्या हाती दिली. गिरमाजीपंत पेटाऱ्यावर बसले होते ते ताडकन उठिले. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवीत होते, आणि पंतांस कळेना की एवढा अनर्थ डोळ्यांसमोर घडतो आणि हे लोक टाळ्या कसल्या वाजवितात!

तार गेली आणि दौलतीत हाहाकार उडाला. महाराजांच्या तोंडचा विडा तोंडातच राहिला. राणीवशातून विचारणा आली की उघडे अंग किती वेळ होते. दिवाण नरहरपंत यांचे डोळे पांढरे जाहले, आणि ते बोलिले, "गोल पाच खाल्ले ते खाल्ले, पण वस्त्रे शत्रूस देऊन वर शत्रूचीच अंगावर घेतली? उद्या तो फिरंगी पत्र धाडील की तुमची दौलत आमची!" वीर परत येताच दरबार भरला आणि हैबतरावांस मध्ये उभे केले.

महाराजांनी विचारिले, "काय रे हैबतराव, कोणाच्या हुकुमाने दिलेस?"

"हुकूम कुणाचा न्हाई, म्हाराज. त्यानं मागितलं, मी दिलं. त्यानं त्येचं मला दिलं. तिकडं तशी रीत हाय."

"रीत!" दिवाण गरजले, आणि मग गिरमाजीपंतांकडे वळून बोलिले, "जामदार, तुम्ही जवळ होता. वस्त्र फिरंग्याने बळाने हिसकाविले, की याने खुशीने दिले? बळाने घेतले असेल तर माणूस निर्दोष आहे. विचार करून सांगा."

साऱ्या दरबाराचे डोळे पंतांवर लागले. दिवाणांनी वाट उघडी ठेविली होती, एका शब्दाचे काम होते. पण पंत पडले चोख. त्यांनी सांगितले, "खुशीने दिले, सरकार. हसत दिले."

मग निवाडा जाहला की गेलेले वस्त्र परत येईतो हैबतरावांनी चेंडूस पाय लावू नये, आणि फिरंग्याचे हिरवे वस्त्र जामदारखान्यात मोहरबंद ठेवावे, आणि ते त्यास परत करूनच आपले आणावे. बाहेर पंतांस हैबतरावांच्या तोंडाकडे पाहवेना. ते पुटपुटले, "हैबतराव, मी..." तोच हैबतराव बोलिले, "आवं पंत, खरं त्येच सांगितलंत. आणा म्हंजे झालं. लवकर आणा."

लवकर! शास्त्र्यांत वाद पडला की शत्रूचे घामाचे वस्त्र सरकारी जहाजावर चढवावे की न चढवावे, त्यात पाच वर्षे गेली. मग पत्राचा मायना काय असावा त्यात चार गेली, आणि मग जहाजासच डागडुजी निघाली. दर वर्षी दसऱ्यानंतर पंत वस्त्रांस ऊन देत, अंगणात दोरी बांधून, आणि तेवढा दिवस मोहर काढून ते हिरवे वस्त्रही टोकास टाकीत. त्या दिवशी हैबतराव न चुकता येत, कुंपणाशी उभे राहत आणि म्हणत, "कसर लागली न्हाई नव्हं?" पंत म्हणत, "कडुलिंबाचा पाला घातला आहे." इतकेच बोलणे होई. बारा वर्षांत संग्राम आणखी तीन जाहले आणि आमचे वीर तिन्ही वेळां सडकून मार खाऊन आले.

शेवटी शके अठराशे ब्याण्णवात पंत दुभाषी घेऊन निघाले आणि त्या फिरंग्याच्या गावी पोहोंचले. दुवार्त बंदरावर दोरखंडांचे दुकान चालवीत होता, पोट सुटलेले, एक पाय ओढीत चालणारा. त्याने साऱ्या पृथ्वीवरच्या नामांकितांची वस्त्रे मिळविली होती आणि भाच्यापुतण्यांस वाटून टाकिली होती. भिंतीवर काचेत एकच होते. तांबडे, आकडा पाच.

तो दुभाष्यामार्फत बोलिला, "तो बरा आहे ना? पुढच्या तिन्ही वेळां मी तुमच्या अकरांत त्यास शोधिले. माझा चेंडू ऐसा कोणी काढिला नाही. पाय मोडला का त्याचा?"

पंत बोलिले, "पाय धड आहे."

"मग का खेळला नाही?"

पंतांनी काचेतल्या तांबड्या वस्त्राकडे पाहिले. बारा वर्षे ज्यास ते अपराध समजत आले, तो मान होता, आणि जगात तो न कळलेले एक दरबारी आणि दुसरे आपण! त्यांनी अडखळत सारे सांगितले. दुवार्तने स्टुलावर चढून काच उतरविली आणि वस्त्र पंतांच्या हाती दिले. पंतांनी हिरवे वस्त्र पुढे केले. तो हात मागे घेऊन म्हणाला, "ते त्याचे आहे. त्यास द्या." परंतु हुकूम होता की ते द्यावे आणि मगच हे आणावे, आणि पंत जन्माचे चोख. त्यांनी ते दोरखंडांवर ठेविले आणि जहाज गाठिले.

दरबारात नौबत वाजली, साखर वाटली, बंदी उठली. हैबतरावांचे वय तेव्हां चाळीस, गुडघे सुजलेले. दसऱ्यानंतर पंतांनी वस्त्रे उन्हात टाकिली, अकराही तांबडी, ओळीने. हैबतराव कुंपणाशी आले आणि दोरीच्या टोकाकडे पाहत राहिले.

"पंत, हिरवं कुठं हाय?"

"परत केले. तुमचे आणिले, हे पाहा, आकडा पाच."

"त्ये तर मी त्याला दिलतं," हैबतराव हळूच बोलिले. "माझं त्ये हिरवं व्हतं."

पंत दोरीच्या त्या मोकळ्या टोकाकडे पाहत उभे राहिले, आणि हैबतराव निघून गेले ते पुन्हा त्या अंगणात आले नाहीत.

येणेप्रमाणे दौलतीची अब्रू राहिली. वस्त्रे अकरांपैकी अकरा जामदारखान्यात दाखल, गुंडीसुद्धा शाबूत. आकडा पाचाचे कोणाच्याच अंगास नीट बसत नाही म्हणून घडी करून ठेविले आहे.