आतल्या खोलीचा ताबा

रोज दिवेलागणीला आप्पासाहेब वकील आतल्या खोलीच्या बंद दारासमोर उभे राहत आणि कोर्टात बोलावे तसे गरजत, "तू इथे राहतेस, त्याला माझी परवानगी नाही!" मग शांतपणे चहा मांडायला जात.

त्यांच्या पत्नी यमुनाबाई त्या खोलीत वारल्या, त्याला अकरा वर्षे होऊन गेली होती. मी संगमनेरच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो आणि त्यांच्या ओसरीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आत कोणी नाही, अशी मी स्वतःची अनेकदा समजूत घातली. पण त्या दुष्काळात, घागरभर पाण्यासाठी टँकरमागे धावावे लागत असताना, त्या दाराचा उंबरा रोज सकाळी धुतलेला असे आणि पुढे ताजी रांगोळी असे.

"उघड आणि अखंड वहिवाट," आप्पासाहेब समाधानाने म्हणत. "पुरावा चांगला आहे."

एकदा मी भीतभीत विचारले, "मग त्यांना परवानगी का देत नाही?"

"प्रोफेसर, इथेच लोक चुकतात. परवानगीने राहणारा जन्मभर राहिला तरी त्याचा तो नुसता ताबा. मालकाच्या विरोधात बारा वर्षे राहिला, तर तो प्रतिकूल ताबा. मग घर त्याचं. जिवंतपणी म्हणायची, घरावर माझं नाव लावा. मी म्हणायचो, राहतेस ना? मग झालं!"

"पण मृत व्यक्तीचा ताबा कायदा मानेल?"

"तो मुद्दा मालकाने, म्हणजे मी काढायचा. मी काढणार नाही." त्यांनी दाराकडे पाहिले. "आणि ती तर नाहीच नाही."

मुदत भरत आली, तेव्हा शेवगावहून पुतण्या आला. घर विकून काकांना गावी न्यायचा त्याचा बेत होता.

"काका, लई झालं. गिऱ्हाइकाला खोली दाखवायची हाय."

आप्पासाहेब आडवे आले. "आत पाय टाकलास तर ताबा खंडित होईल! पुन्हा बारा वर्षं मी जगणार आहे का?"

"तुमचं डोस्कं फिरलंय. हितं कोन राहातंय?"

त्याने बाहेरची कडी काढली आणि दार ढकलले. ते उघडेना. आतूनही कडी लावलेली होती. पुतण्या दुपारच्या एस.टी.ने परत गेला.

मुदत संपली त्या संध्याकाळी आप्पासाहेबांनी धुतलेले धोतर नेसले आणि दारावर हलकेच बोट वाजवले.

"यमुना, म्हातारा झालो गं. आता मला या घरात ठेवशील का?"

मी ओसरीवर निघून गेलो. नवरा-बायकोचे बोलणे ऐकत उभे राहणे मला बरे वाटले नाही.