प्रश्नोपंतांची घरपाहणी

प्रश्नोपंतांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि घाईघाईने खांद्यावरची पिशवी काढून दारावरच्या पाटीवर अडकवली. पाटीवर त्यांचं आख्खं नाव होतं, शेजारी ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडम उभ्या होत्या, आणि मॅडमनी ते वाचून चालणार नव्हतं.

पंत एका संशोधन संस्थेसाठी घरोघर जाऊन माहिती गोळा करायचे. त्यावरूनच हे नाव त्यांना चिकटलं होतं. गरिबी कमी करायला सरकारला उपाय सुचवायचे, हे संस्थेचं काम. यंदाचा विषय होता घरातल्या घरातली गरिबी. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, पण आतलं एखादं माणूस मात्र विश्रांतीला, वेळेला, दोन शब्दांना महाग. घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि चिठ्ठीत आलेलं घर सोडायचं नाही, असा नियम होता. पंतांनी नुकतीच जागा बदलली होती, नवा पत्ता ऑफिसात द्यायचा राहूनच गेला होता, आणि त्या दिवशी चिठ्ठीत निघाला तो नेमका तोच.

मग खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण मध्यंतरी पंतांच्या एका सहकाऱ्याला घरी बसून खोटी उत्तरं भरताना पकडलं होतं. "मॅडम, चिठ्ठीत माझंच घर आलं हो," असं तो काकुळतीला येऊन म्हणाला, तेव्हा मॅडम पोट धरून हसल्या आणि हसता हसताच त्यांनी त्याला कायमचा घरी बसवला. आता तेच कारण दुसऱ्यांदा कोण ऐकून घेणार? त्यात पंतांची नोकरी पक्की व्हायची होती, आणि ती करावी की नाही हे ठरवायलाच मॅडम आज बरोबर आल्या होत्या.

दार उघडलं. दारात बायको.

"नमस्कार ताई," पंत म्हणाले. "आम्ही संशोधन संस्थेतून आलोय. थोडी माहिती हवी होती."

ताई म्हटल्याबरोबर बायकोच्या भुवया वर गेल्या. पंतांनी डोळा मिचकावला.

"अहो, डोळ्यात काही गेलं का?" बायकोने विचारलं.

संपलं, पंतांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, 'अहो' तर परक्यालाही म्हणतात. एवढं एकच संबोधन दोन्हीकडे चालतं म्हणून त्यांनी मनातल्या मनात भाषेचे आभार मानले.

बायको हुशार. सकाळी ती काहीतरी सांगत असताना पंत "आलोच" म्हणून उठले होते ते थेट ऑफिसात गेले होते. आता तोच माणूस वही उघडून, "सांगा ताई," म्हणत समोर बसला होता. अशी संधी कोण सोडेल?

"या ना, बसा. तिकडे नको, ती यांची खुर्ची आहे."

पंत स्वतःच्या खुर्चीवरून उठून स्टुलावर बसले.

"घरात माणसं किती?"

"तसं म्हटलं तर दोन. पण राहते मी एकटीच."

मॅडम पुढे सरकल्या.

"यजमान काय करतात?"

"कुठल्याशा संस्थेत आहेत. दिवसभर लोकांशी बोलतात म्हणे. घरी येईपर्यंत शब्द संपलेले असतात."

"गेल्या आठवड्यात तुम्हाला स्वतःसाठी किती वेळ मिळाला?"

बायकोने बराच विचार केला. "आंघोळ धरायची का?"

पंतांनी मॅडमकडे पाहिलं. धरायची, अशी मॅडमनी मान हलवली.

"घरकामात यजमानांची मदत?"

"शून्य."

"शून्य कसं?" पंत उसळले. "परवा पंखा पुसला तो?"

मॅडमनी चष्मा वर केला. "तुम्हाला काय माहीत?"

"नाही... पंखा स्वच्छ दिसतोय, म्हणून म्हटलं."

"पंखा मी पुसला," बायको शांतपणे म्हणाली. "यांनी स्टूल धरलं होतं."

एवढ्यात शेजारचे आजोबा उघड्या दारातून आत आले. हातात पार्सल. ते त्यांनी पंतांपुढे धरलं. "अहो, हे तुमचं माझ्याकडे देऊन गेले."

पंतांना ब्रह्मांड आठवलं. बायकोने पार्सल पटकन काढून घेतलं. "आजोबा, हे पाहणीला आलेत. आमचे हे नव्हेत."

"नव्हेत? अहो, कालच आम्ही जिन्यात बोललो!"

"ते आमचे हे. हे वेगळे."

आजोबांनी पंतांना वरून खाली न्याहाळलं. पंतांनी नमस्कार केला. काल ज्या माणसाशी बोललो तो हा की दुसराच, या विचारात आजोबा डोकं खाजवत निघून गेले. खरं तर एव्हाना पंतांचंही तेच झालं होतं. यजमानांचा पगार किती, असं विचारताना आकडा त्यांना आठवेना.

"शेवटचा प्रश्न. अशी एखादी गोष्ट, जी हवी होती पण मिळाली नाही?"

बायकोचा चेहरा एकदम बदलला. थट्टा कुठल्या कुठे गेली.

"कुणीतरी समोर बसावं, मध्ये न बोलता माझं ऐकावं. आज ऐकलं. पण त्याला परका माणूस यावा लागला."

पंतांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. इतक्या घरांतून इतक्या बायकांची ही तक्रार त्यांनी वहीत उतरवली होती, आणि एकदाही त्यांना आपलं घर आठवलं नव्हतं.

खाली रस्त्यावर आल्यावर मॅडमनी रुमालाने डोळे टिपले. "बाई तुमच्याशी किती मोकळेपणाने बोलली! ही हातोटी शिकवून येत नाही. नोकरी पक्की समजा. आणि हे घर आपण खोलवर अभ्यासाला घेऊ. वर्षभर, दर शनिवारी दोन तास तुम्ही तिच्याशी बोलायचं."

"मी?"

"तुम्हीच. तो नवरा कधी सापडला तर त्याचीही मुलाखत घ्या. सापडेल असं मला वाटत नाही म्हणा."

संध्याकाळी पंत चावी लावून घरात शिरले. नोकरीची बातमी सांगितली, शनिवारचंही सांगितलं. बायको खुदकन हसली. पंतांना हायसं वाटलं. मग ते जवळ सरकून म्हणाले, "सकाळी तू काय सांगत होतीस? सांग ना आता."

"ते शनिवारी. पाहणीवाल्यांना सांगेन. चावी लावून येणाऱ्यांना सवय नाही ऐकायची."

पंत बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

उत्तर देण्याआधी पंतांनी पाटीवरचं नाव एकदा नीट वाचून घेतलं.